यंत्राने घडवलेल्या आवाजाच्या गाण्यावर लिहावे कसे

दिवंगत गायकाच्या आवाजात आजचे गाणे, एका गायिकेच्या गळ्यातून दुसरीचे गाजलेले गीत, किंवा कोणत्याच गळ्यातून न निघालेले सबंध गाणे, असा ऐवज आता रोज आपल्या फोनवर येतो आणि त्यावर तितक्याच तातडीने मते मांडली जातात. काहींना तो चमत्कार वाटतो, काहींना कलेचा अंत वाटतो, आणि दोन्ही बाजूंच्या लिखाणात प्रत्यक्ष गाण्याविषयी जवळजवळ काहीच नसते. चित्रपट, संगीत आणि तंत्रज्ञान यांवर मराठीत नियमाने लिहिणाऱ्यांसाठी, तसेच लिहू पाहणाऱ्यांसाठी, हे टिपण आहे. अशा गाण्यावर लिहिण्यापूर्वी चौकशी कोणत्या क्रमाने करावी, काय ऐकावे आणि मजकुरात काय नोंदवल्याशिवाय राहू नये, एवढेच त्यात सांगायचे आहे. माझे मत असे आहे की 'हे एआयने केले' या वाक्याने वाचकाला काहीही कळत नाही. नेमकी कोणती क्रिया झाली, ती कोणाच्या संमतीने झाली आणि तिच्यामागे प्रत्यक्ष कोण गायले, हे समजल्यावरच गाण्याची बरीवाईट चर्चा सुरू करता येते.

आधी क्रिया ओळखा

एआय या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळी कामे चालतात. पहिल्यात जुन्या ध्वनिमुद्रणातील आवाज वाद्यांपासून वेगळा काढला जातो. दुसऱ्यात एका माणसाने गायलेल्या गाण्याला दुसऱ्याच्या आवाजाचा पोत चढवला जातो. तिसऱ्यात शब्द आणि शैलीचे वर्णन लिहून दिले की चाल, वाद्यमेळ आणि गायन असे सगळेच तयार होऊन येते. या तिन्ही कामांचे कलात्मक आणि नैतिक प्रश्न निराळे आहेत, आणि जी टीका एकाला लागू पडते ती दुसऱ्याला लावली की अन्याय होतो.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'नाऊ अँड देन' या गाण्याचे आहे. बँडमधील जॉन लेनन यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी पियानोवर बसून ते साध्या कॅसेटवर गायले होते. लेनन यांच्या मृत्यूनंतर बँडच्या उरलेल्या तिघांनी 1995 साली ते पूर्ण करायला घेतले, परंतु पियानो आणि आवाज एकाच मुद्रणात मिसळलेले होते आणि त्यावर विजेची घरघर होती, त्यामुळे तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. पुढे चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने बीटल्सवरील 2021 च्या माहितीपट मालिकेसाठी आवाज सुटे करणारी प्रणाली विकसित केली, तिच्या साहाय्याने लेनन यांचा आवाज पियानोतून सोडवला गेला आणि 2 नोव्हेंबर 2023 रोजी गाणे प्रसिद्ध झाले. जून 2023 मध्ये बीटल्सचेच पॉल मॅकार्टनी यांनी एका मुलाखतीत या कामासाठी एआय वापरल्याचे सांगितले, तेव्हा लेनन यांचा आवाज यंत्राने नव्याने बनवला असा समज सर्वदूर पसरला आणि गाण्यात कृत्रिमरीत्या निर्माण केलेले काहीही नाही असा खुलासा त्यांना करावा लागला. एका शब्दाने केवढा गोंधळ होतो, हे त्या काही दिवसांत दिसले. लेनन त्या गाण्यात स्वतः गायले आहेत, म्हणून त्यावर लिहिणाऱ्याने त्यांच्या गायनाचीच चर्चा करायला हवी.

आपल्याकडील जुन्या मुद्रणांवर हेच तंत्र वापरले जाते तेव्हा आणखी बारकाईने ऐकावे लागते. स्वर वेगळे करणाऱ्या प्रचलित प्रणालींपैकी अनेक प्रणाली, उदाहरणार्थ डीझर कंपनीने 2019 साली खुली केलेली 'स्प्लीटर', गाण्याचे गायन, ड्रम, बास आणि उरलेले सर्व असे चार कप्पे करू शकतात. ही विभागणी पाश्चात्त्य बँडच्या रचनेवर बेतलेली आहे. तबला एकच वाद्य असले तरी डग्ग्याचा घुमारा एका कप्प्यात आणि चाटीचा कडक बोल दुसऱ्यात जाऊ शकतो. गाणाऱ्याच्या मागोमाग तेच स्वर घेणारी सारंगी तर गळ्याच्या इतकी जवळची असते की तिचा अंश गायनाच्या कप्प्यात झिरपतो. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकडीची 'स्वच्छ' केलेली आवृत्ती ऐकताना ऑर्गन आणि सारंगीचे काय झाले, गायकाच्या लांबवलेल्या स्वराच्या शेवटी अचानक पोकळी जाणवते का, हे पाहावे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण 1925 च्या सुमारास रूढ होऊ लागले. त्यापूर्वी गायक कर्ण्यात तोंड देऊन गात असत आणि त्या पद्धतीत खालचा घुमारा आणि वरची तीव्र कंपने तबकडीवर धड उमटतच नसत. अशा तबकडीची एखादी आवृत्ती आजच्या स्टुडिओत मुद्रित केल्यासारखी भरदार वाटत असेल, तर ती भर सॉफ्टवेअरने अंदाजाने घातलेली आहे, आणि मूळ आवाज असा होता असे तिच्या आधारे लिहिणे चुकीचे ठरते.

मूळ गाणारा कोण होता

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आवाजाचा पोत बदलण्यात, सर्वांत जास्त गैरसमज आहेत आणि लिहिणाऱ्याचे खरे काम इथेच आहे. एखाद्या जुन्या गायकाच्या आवाजात नवे गाणे असे शीर्षक वाचून बहुतेकांना वाटते की गायकाचे नाव सांगितले आणि यंत्र गायले. प्रत्यक्षात अशा बहुतेक गाण्यांत आधी एक जिवंत माणूस ते गाणे पूर्ण गातो. लय, उच्चार, श्वास घेण्याच्या जागा, हरकती, शब्दावर दिलेला भार हे सगळे त्याचे असते. प्रणाली त्या गायनातील स्वराची उंची आणि उच्चार यांचा माग काढते आणि त्यावर दुसऱ्या गळ्याचा रंग चढवते. मुंबईच्या ध्वनिमुद्रण व्यवसायात मोठ्या गायकाची तारीख मिळेपर्यंत एखाद्या होतकरू गायकाकडून 'स्क्रॅच' गाऊन घेण्याची पद्धत जुनी आहे. स्क्रॅच गाणाऱ्याचा आवाज शेवटी काढून टाकला जातो आणि त्याचे नाव क्वचितच कुठे येते. पोत बदललेल्या गाण्यातील मूळ गायकाची जागा तीच आहे, फरक इतकाच की त्याची गायकी गाण्यात अखेरपर्यंत राहते आणि तिचे श्रेय मात्र दुसऱ्याला मिळते.

म्हणून लिहिताना हा गायक कोण, याचा शोध घ्या. गाण्याखालील वर्णन, चित्रपटाची श्रेयनामावली, संगीतकाराच्या मुलाखती यांत नाव सापडले तर ते ठळकपणे लिहा. सापडले नाही, तर ते जाहीर केलेले नाही हीसुद्धा वाचकाला सांगण्याची गोष्ट आहे. एप्रिल 2023 मध्ये ड्रेक आणि द वीकेंड या दोन लोकप्रिय पाश्चात्त्य गायकांच्या आवाजाचा पोत चढवलेले 'हार्ट ऑन माय स्लीव्ह' हे गाणे जगभर पसरले आणि मग प्रमुख मंचांवरून हटवले गेले. ते 'घोस्टरायटर' या टोपणनावाच्या माणसाने केले होते. चर्चा मात्र सगळी यंत्राच्या सामर्थ्यावर झाली. गाण्यात जे चांगले होते त्यातला केवढा भाग त्या अनामिक माणसाच्या लिहिण्यातून आणि गाण्यातून आला होता, हा समीक्षेचा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

संमतीची चौकशी

चेन्नईत आणि हैदराबादेत थोड्याच काळाच्या अंतराने घडलेली दोन प्रकरणे शेजारी ठेवली की संमतीचा प्रश्न आपोआप स्पष्ट होतो. 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयच्या साहाय्याने वापरले. चित्रपट फेब्रुवारी 2024 मध्ये प्रदर्शित झाला, आणि त्याआधी जानेवारीतच रहमान यांनी जाहीर केले की दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आहे आणि त्यांना मोबदलाही दिला आहे. दुसरीकडे 2023 च्या 'कीडा कोला' या तेलुगू चित्रपटात एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज असाच वापरला गेला, आणि कुटुंबाला विचारले नव्हते म्हणून त्यांचे पुत्र एस. पी. चरण यांनी निर्माते आणि संगीतकारांना कायदेशीर नोटीस पाठवली. तंत्र एकाच जातीचे असूनही दोन्ही ठिकाणचे वर्तन वेगळे होते, आणि वाचकाला तो भेद दाखवून देणे हे लिहिणाऱ्याचे काम आहे.

तरीही परवानगी मिळाली म्हणजे सगळे निभावले, असे मला वाटत नाही. कुटुंबीय वारस म्हणून संमती देऊ शकतात, परंतु कोणते शब्द गायचे, कोणत्या चालीला नकार द्यायचा, ही निवड गायकाची स्वतःची असते आणि ती वारसाहक्काने येत नाही. आयुष्यभर विशिष्ट प्रकारची गाणी नाकारणाऱ्या गायिकेच्या आवाजात तशीच गाणी तयार झाली, तर कायदेशीर संमती असूनही त्यावर टीका करण्याचा समीक्षकाला पूर्ण अधिकार आहे, आणि तिने काय नाकारले होते याचे पुरावे मुलाखतींतून मिळत असतील तर ते मांडणे आवश्यक आहे.

कायद्याविषयी लिहिताना थोडक्यात आणि नेमके लिहा. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यात ध्वनिमुद्रणाला संरक्षण आहे, सादरकर्त्याला कलम 38 खाली 50 वर्षांचा हक्क आहे आणि 2012 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे नैतिक हक्कही, म्हणजे श्रेय मिळण्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड रोखण्याचा हक्क, मान्य झाले आहेत. गळ्याच्या पोताला मात्र कॉपीराइट नाही. तो प्रश्न न्यायालये व्यक्तिमत्त्वाच्या हक्काखाली, म्हणजे आपले नाव, चेहरा आणि आवाज यांच्या वापरावर आपलेच नियंत्रण असण्याच्या हक्काखाली, हाताळत आहेत. अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये दिलेल्या आदेशात, परवानगीविना कोणाचाही आवाज प्रसिद्ध गायकाच्या आवाजात बदलून देणारी साधने पुरवणे हे त्या हक्काचे उल्लंघन असल्याचे प्रथमदर्शनी मान्य केले. आशा भोसले यांच्या दाव्यातही याच न्यायालयाने 2025 साली तशाच स्वरूपाचे संरक्षण दिले. हे आदेश अंतरिम आहेत, म्हणून 'कायद्याने बंदी आली' असे लिहू नये. 'न्यायालयाने अंतरिम मनाई केली' एवढेच लिहावे.

तिसऱ्या प्रकारात, वर्णन लिहून सबंध गाणे मिळवण्यात, संमतीचा प्रश्न आणखी मागे जातो: प्रणाली कोणत्या गाण्यांवर शिकली? जून 2024 मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या संगीत कंपन्यांनी सुनो आणि यूडिओ या वर्णनावरून गाणी तयार करून देणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत खटले भरले ते याच मुद्द्यावर. पुढे 2025 च्या अखेरीस युनिव्हर्सलने यूडिओशी आणि वॉर्नरने सुनोशी तडजोड केली. अशी तडजोड कंपन्यांमधील असते, आणि मूळ गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांपर्यंत त्यातले काय पोहोचले हे वेगळे विचारावे लागते.

ऐकणे

इथवरची माहिती गोळा झाल्यावर, किंवा शक्य असेल तर त्याआधीच एकदा, गाणे नीट ऐका. फोनच्या स्पीकरवर ऐकून लिहू नका, कारण या गाण्यांतील दोष बहुधा त्याच पट्ट्यात असतात जो लहान स्पीकर गिळून टाकतो. साधा हेडफोन पुरतो. पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त श्वासाकडे, आणि तिसऱ्यांदा स्वर कसे सुरू होतात आणि कसे विरतात याकडे.

मराठी गाणे असेल तर उच्चार ही सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. 'माझा' आणि 'माझी' या दोन शब्दांतील 'झ' आपण वेगवेगळे उच्चारतो. पहिल्यात जीभ दातांकडे जाते, दुसऱ्यात टाळूकडे. 'चांगला' आणि 'चंद्र', 'जसा' आणि 'जन्म' यांतही तसाच भेद आहे. देवनागरीत तो लिहून दाखवला जात नाही, आणि हिंदीत तो नसल्यामुळे, प्रामुख्याने हिंदी गाण्यांवर शिकलेली प्रणाली मराठी शब्द वाचून गाते तेव्हा 'चांगला' हा शब्द 'चंद्र'मधल्या 'च'ने उच्चारला जाण्याची शक्यता मोठी असते. 'ळ'चा 'ल' होणे, किंवा शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर नको तो आघात येणे, हेही असेच. अशी चूक ऐकू आली तर गाणे लिखित मजकुरावरून घडवले गेल्याचा संशय घ्यायला जागा आहे. उलट सगळे उच्चार निर्दोष असतील आणि 'ळ' अगदी कोकणातल्या माणसासारखा खणखणीत लागत असेल, तर मागे मराठी गायक आहे आणि केवळ पोत बदललेला आहे, असा अंदाज बांधता येतो. हा अंदाजच आहे, म्हणून तो अंदाज म्हणूनच लिहावा.

श्वासाचे पाहू. गायक ओळीच्या अर्थाप्रमाणे श्वास तोडतो, आणि लांब तानेपूर्वी तो खोल श्वास घेतो तो मायक्रोफोनला ऐकू येतो. घडवलेल्या गाण्यात श्वास असतो, पण कधी कधी तो शब्दाच्या मधोमध येतो किंवा एवढ्या लांब ओळीला पुरेल असा वाटत नाही. पोत बदललेल्या गाण्यात कस लागतो तो स्वराचा माग काढण्याचा: मींड घेताना, खर्जात उतरताना किंवा द्रुत तानेत प्रणालीचा माग चुकला की आवाज क्षणभर धातूसारखा चिरका होतो किंवा एकदम सप्तक ओलांडतो. 'स' आणि 'श' या अक्षरांवर जिभेवर काही ठेवून बोलल्यासारखी अस्पष्टता येते. असे क्षण मिनिट-सेकंदासह टिपून ठेवा, म्हणजे वाचकाला ते स्वतः तपासता येतात.

एक गोष्ट मात्र बहुतेक लेखांतून निसटते. गायकाचा आवाज एक नसतो. लता मंगेशकर यांचा 1950 च्या दशकातला आवाज आणि 1990 च्या दशकातला आवाज शेजारी ठेवून ऐका, कोणालाही फरक कळतो. प्रणालीला जर चार दशकांची गाणी सरमिसळ करून शिकवली असतील, तर तयार होणारा आवाज कोणत्याच वयाचा नसतो. त्यात तारुण्यातला हलकेपणा आणि उतारवयातला जडपणा एकाच ओळीत येऊ शकतो. म्हणून 'हुबेहूब' असे लिहिण्याचा मोह झाला की स्वतःला विचारा की कोणत्या दशकातल्या आवाजाशी हुबेहूब. त्या काळातले, शक्यतो त्याच पट्टीतले आणि तशाच लयीतले खरे गाणे ऐका आणि मग तुलना करा. भावनेबद्दल ढोबळ विधाने करण्यापेक्षा ही तुलना वाचकाला जास्त देऊन जाते. 'यंत्रात भाव नसतो' हे वाक्य तर पोत बदललेल्या गाण्याबाबत सरळ चूक ठरते, कारण भाव मूळ गाणाऱ्या माणसाने आणलेला असतो.

लिहिताना

लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच कोणती क्रिया झाली ते सांगा. 'एआयने किशोरकुमार यांना पुन्हा जिवंत केले' असे लिहिण्याऐवजी, 'नाव जाहीर न केलेल्या एका गायकाने गायलेल्या या गाण्यावर किशोरकुमार यांच्या आवाजाचा पोत चढवला आहे, आणि कुटुंबीयांच्या संमतीचा उल्लेख गाण्याच्या वर्णनात कुठेही नाही' असे लिहा. वाक्य लांबते, परंतु त्यात चार ठोस गोष्टी येतात. 'गातात', 'परतले', 'पुन्हा ऐकू आले' ही क्रियापदे दिवंगत गायकाला जोडू नयेत. जी व्यक्ती गायली नाही तिच्या नावाने ती गायल्याचे लिहिणे हे असत्य आहे, आणि शीर्षकातून ते हजारो लोकांपर्यंत जाते.

गुणदोषांची चर्चा करताना चाल, शब्द, वाद्यमेळ, मूळ गायन आणि पोत यांचा वेगवेगळा विचार करा. चाल चांगली असेल तर संगीतकाराचे नाव घेऊन तसे म्हणा. पोताचे काम सफाईदार असेल आणि तरीही त्याची गरज नव्हती असे वाटत असेल, तर दोन्ही लिहा. माझ्या मते प्रत्येक परीक्षणात हा शेवटचा प्रश्न विचारलाच पाहिजे: हे गाणे मूळ गायकाच्या स्वतःच्या आवाजात का ठेवले नाही? कधी उत्तर समर्थनीय असते, जसे की दिवंगत कलावंताचे अर्धवट राहिलेले काम त्याच्या जवळच्यांनी पूर्ण करणे. पुष्कळदा मात्र उत्तर एवढेच असते की मोठ्या नावामुळे ऐकणारे वाढतात, आणि तसे असेल तर ते स्पष्टपणे लिहिण्यात कचरू नये.

संमतीविना तयार केलेल्या गाण्याचा दुवा लेखात देऊ नका. वर्णन पुरेसे असते, आणि दुव्यामुळे ज्याच्यावर टीका करतो त्यालाच प्रेक्षक मिळतात. ज्याच्या आवाजाचा पोत वापरला त्या गायकाच्या खऱ्या, अधिकृत मुद्रणाचा दुवा मात्र अवश्य द्या, म्हणजे तुलना वाचकाच्या कानावर सोपवता येते.

अखेरीस, प्रकाशित केलेला लेख उघडा ठेवा. अशा प्रकरणांत माहिती मागाहून येते: कुटुंबीय बोलतात, निर्माते खुलासा करतात, स्क्रॅच गाणारा कधी स्वतः पुढे येतो, न्यायालयाचा अंतरिम आदेश बदलतो. तसे झाले की लेखाच्या वरच्याच भागात तारखेसह दुरुस्ती लिहा, आणि मूळ गाणाऱ्याचे नाव कळले असेल तर ते शीर्षकाखालच्या पहिल्या ओळीत घाला.